होळीकडून खजिन्याकडे : अमेरिकन चित्रकथांची युगे

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आपण चर्चमध्ये क्रुसाची वाट करतो. दोन्ही भिंतींवर ओळीने लावलेल्या चौदा चित्रांपुढे क्रमाक्रमाने थांबत, गुडघे टेकत आपण पुढे सरकतो. पिलाताच्या न्यायासनापासून निघालेली ती कथा कबरेपाशी पोहोचते, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या मुलालाही ती समजलेली असते. प्रत्येक चित्र आपल्या जागी स्थिर असते. एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे जाताना मधली हालचाल घडते ती पाहणाऱ्याच्या मनात. चित्रकथेची किंवा आज सर्वतोमुखी असलेल्या शब्दात सांगायचे तर 'कॉमिक्स'ची रीत नेमकी हीच आहे. त्या अर्थाने आपण कॅथलिक माणसे चित्रकथेचे जुने वाचक आहोत.

चित्रांचा हा वारसा आपल्याला सुखासुखी मिळालेला नाही. इ.स. ६०० च्या सुमारास मार्सेल्सचे बिशप सेरेनुस यांनी आपल्या चर्चमधील चित्रे आणि मूर्ती फोडून टाकल्या. लोक चित्रांचीच पूजा करू लागतील, ही त्यांची भीती होती. हे वृत्त ऐकून पोप महान ग्रेगरी यांनी त्यांना पत्रे पाठवली. चित्रांची पूजा होऊ नये ही आपली कळकळ योग्य आहे, पण चित्रे फोडणे योग्य नाही. वाचता येणाऱ्याला ग्रंथातून जे मिळते ते वाचता न येणाऱ्याला चित्रातून मिळते, असा त्या पत्रांचा आशय होता. पोप महोदयांनी बिशपांच्या भीतीला दोष दिला नाही. भीतीपोटी उचललेल्या हातोड्याला दोष दिला.

विसाव्या शतकात अमेरिकेत कॉमिक्सचा उदय झाला, तेव्हा तेथील ख्रिस्तसभेपुढे हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रथम तिने सेरेनुसचा मार्ग धरला. ग्रेगरीच्या मार्गावर ती हळूहळू आली. कॉमिक्सच्या इतिहासाची जी युगे अभ्यासक मानतात, त्यांच्या ओघात ही हकीकत पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

सुवर्णयुग

१९२९ च्या आर्थिक कोसळणीनंतर अमेरिकेत बेकारी घरोघर शिरली होती. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून छापून येणाऱ्या चित्रमालिका एकत्र करून लहान आकाराचे पुस्तक विकावे, ही कल्पना त्याच काळातली. १९३३-३४ मध्ये अशी पुस्तके निघाली आणि त्यांची किंमत दहा सेंट ठरली. या धंद्याच्या आरंभी धडपडणाऱ्यांत मॅक्स गेन्स नावाचे एक विक्रेते होते. त्यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सुवर्णयुगाचा आरंभ १९३८ पासून मानतात. त्या वर्षी 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. त्याचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर हे ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात राहणारे, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन तरुण. सीगलचे वडील कपड्यांचे दुकान चालवीत. १९३२ मध्ये त्या दुकानात चोरी झाली आणि त्या प्रसंगी हृदय बंद पडून त्यांचा मृत्यू झाला. गोळी ज्याला भेदू शकत नाही असा पुरुष त्या घरातल्या मुलाने कल्पिला, यात नवल ते काय? परक्या लोकातून आलेला, दोन नावांनी जगणारा, दिवसा भिडस्त आणि प्रसंगी अतुलबली असा हा नायक स्थलांतरितांच्या मुलांना आपला वाटला. सुपरमॅनचे सर्व हक्क या दोघांनी १३० डॉलरना विकले. पुढे प्रकाशक गब्बर झाले आणि निर्माते विपन्नावस्थेत गेले. १९७५ मध्ये, जनमताचा रेटा आल्यावर, त्यांना निवृत्तिवेतन मिळाले आणि पुस्तकावर त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली.

१९३९ मध्ये बॅटमॅन आला आणि १९४१ अखेर वंडर वुमन. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणताना दाखवला होता. हा अंक डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या एक वर्ष आधी, दुकानांत आला. जो सायमन आणि जॅक कर्बी हे त्याचे निर्मातेही ज्यू होते. युरोपात आपल्या समाजाचे काय चालले आहे हे त्यांना ठाऊक होते. दहा सेंटांत मिळणाऱ्या त्या पुस्तकाने दुबळ्याला बळाचे स्वप्न दिले. मुलांबरोबर आघाडीवरील सैनिकही ही पुस्तके वाचीत.

होळी

ज्या १९३८ मध्ये सुपरमॅन जन्मला, त्याच वर्षी अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी सभ्य साहित्यासाठी एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली. फोर्ट वेनचे बिशप जॉन नोल हे तिचे प्रवर्तक. तरुणांसाठी अयोग्य ठरवलेल्या नियतकालिकांची यादी ही संघटना प्रसिद्ध करी. १९४२ मध्ये वंडर वुमनच्या कथा छापणारे मासिक त्या यादीत गेले, कारण नायिकेच्या अंगावर पुरेसे कपडे नव्हते!

युद्ध संपले आणि महानायकांची गरजही ओसरली. त्यांची जागा गुन्हेगारीच्या कथांनी घेतली. दरोडे, खून आणि फासावर जाणारे गुंड यांच्या भडक चित्रांनी दुकाने भरली. पालकांची चिंता खोटी नव्हती. पण ती प्रकट झाली ती आगीच्या रूपाने. १९४५ मध्ये विस्कॉन्सिनमधील एका कॅथलिक शाळेने मुलांकडील कॉमिक्स गोळा करून जाळली. डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी सेंट पॅट्रिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी घरोघर फिरून सुमारे २,००० पुस्तके जमवली आणि शाळेच्या आवारात त्यांची होळी केली. त्या होळीचे छायाचित्र देशभर पोहोचले. अन्य पंथांच्या आणि सरकारी शाळांतूनही असे प्रकार झाले. अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी, मे १९३३ मध्ये, बर्लिनच्या चौकात नाझी विद्यार्थ्यांनी ज्यू लेखकांचे ग्रंथ जाळले होते. ज्या राष्ट्राने त्या नाझींशी युद्ध केले, त्याच राष्ट्रातील मुलांच्या हाती वडीलधाऱ्यांनी काडेपेटी द्यावी, हा दैवदुर्विलास म्हणायचा. त्यामागील हेतू भिन्न होता हे खरेच. परंतु आगीला हेतू कळत नाही.

आता मॅक्स गेन्सकडे वळू. त्यांनी १९४२ मध्ये 'पिक्चर स्टोरीज फ्रॉम द बायबल' हे कॉमिक्स काढले आणि ज्यू, कॅथलिक व प्रॉटेस्टंट धर्मगुरूंचा सल्ला त्यासाठी घेतला. पुढे त्यांनी शैक्षणिक कॉमिक्सची स्वतःची संस्था उभारली. १९४७ मध्ये बोटीच्या अपघातात ते वारले आणि कर्जात असलेली संस्था त्यांचा पंचविशीतला मुलगा विल्यम याच्या गळ्यात पडली. रसायनशास्त्राचा शिक्षक होऊ पाहणाऱ्या या तरुणाने संस्थेच्या नावातील 'एज्युकेशनल' शब्द काढून 'एंटरटेनिंग' हा शब्द घातला. १९५० पासून त्याने भयकथा छापायला सुरुवात केली. पित्याने जेथून दाविदाची कथा सांगितली, तेथून पुत्राने कबरीतून उठणारी प्रेते विकली.

१९५४ हे निर्णायक वर्ष ठरले. जर्मनीत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' या ग्रंथात बालगुन्हेगारीचा दोष कॉमिक्सच्या माथी मारला. एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. एका स्त्रीचे छाटलेले शिर हाती धरलेल्या खुन्याचे मुखपृष्ठ पुढे करून हे सभ्यतेला धरून आहे काय, असे सिनेटर केफॉव्हर यांनी विल्यम गेन्सला विचारले. भयकथेच्या मुखपृष्ठासाठी ते सभ्यच आहे, असे गेन्स उत्तरला आणि लोकमताच्या न्यायालयात हरला. शासनाने बंदी घालण्यापूर्वीच प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. भय आणि दहशत हे शब्द शीर्षकातून गेले. वेताळ-पिशाच्चे गेली. शासन व पोलीस यांचा अनादर वर्ज्य झाला. संहितेची मोहोर नसेल तर विक्रेते अंक परत पाठवू लागले. अनेक प्रकाशक बुडाले, कित्येक चित्रकारांनी कायमचा हा व्यवसाय सोडला.

डॉ. वर्थम दुष्ट नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका चर्चच्या तळघरात गरीब कृष्णवर्णीयांसाठी ते अल्प मोबदल्यात दवाखाना चालवीत. वर्णभेदी शाळांमुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या आघाताविषयी त्यांनी दिलेली साक्ष शालेय वर्णभेदाविरुद्धच्या ऐतिहासिक खटल्यात उपयोगी पडली. मात्र त्यांची कागदपत्रे संशोधकांना खुली झाल्यावर, २०१२ मध्ये कॅरल टिली या विदुषीने दाखवून दिले, की मुलांच्या जबान्या त्यांनी अनेक ठिकाणी फिरवल्या आणि जोडून घेतल्या होत्या. मुलांवर माया करणाऱ्या माणसाने मुलांचे म्हणणे मात्र नीट ऐकले नाही.

संहिता सभ्यतेचे रक्षण करी, पण न्यायाचे करीत असे काय? गेन्सच्या संस्थेने १९५३ मध्ये 'जजमेंट डे' ही कथा छापली होती. पृथ्वीचा एक प्रतिनिधी यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तेथे केशरी यंत्रमानव निळ्यांना हीन लेखतात. हा ग्रह विश्वाच्या प्रजासत्ताकात येण्यास अजून पात्र नाही, असा निर्णय देऊन तो परततो आणि शेवटच्या चित्रात शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय असतो. १९५६ मध्ये ही कथा पुन्हा छापायची ठरली तेव्हा संहितेच्या कार्यालयाने त्या वर्णावर हरकत घेतली! गेन्स मागे हटला नाही. कथा होती तशी छापली गेली. तो त्या संस्थेचा अखेरचा कॉमिक्स-अंक ठरला.

खजिना

होळ्या पेटत होत्या त्याच काळात काही कॅथलिक मंडळींनी निराळा विचार केला. मिनेसोटातील सेंट पॉल येथून कॅटेकेटिकल गिल्डने १९४२ पासून 'टोपिक्स' हे संतचरित्रांचे कॉमिक्स काढले. पुढे 'पीनट्स' या मालिकेने जगभर गाजलेले चार्ल्स शुल्झ यांनी उमेदवारीच्या दिवसांत याच मासिकासाठी अक्षरलेखन केले. १९४६ मध्ये ओहायोतील डेटन येथून जॉर्ज फ्लॉम यांच्या संस्थेने 'ट्रेझर चेस्ट', म्हणजे खजिन्याची पेटी, हे कॉमिक्स सुरू केले. ते दुकानांत नव्हे, तर कॅथलिक शाळांतून वर्गणीदार मुलांच्या हाती पडे. संतांची चरित्रे, विज्ञान, इतिहास, साहसकथा आणि विनोद असा त्याचा संसार होता.

त्यात सारेच सोने होते असे नाही. १९६१-६२ मध्ये साम्यवादाविरुद्ध छापलेल्या मालिकेत प्रबोधनापेक्षा प्रचाराचा सूर उंच लागला होता. तरी एक गोष्ट लक्षणीय आहे. त्या मालिकेचे चित्रकार रीड क्रँडल पूर्वी गेन्सच्या भयकथा रेखाटीत असत. त्या संस्थेची कॉमिक्स बंद पडल्यावर त्यांच्या कुंचल्याला काम दिले ते कॅथलिक मासिकाने. ज्या हाताची चित्रे अग्नीत पडली, त्याच हाताला ख्रिस्तसभेच्या मुलांसाठी संतांची मुद्रा रेखाटता आली. दोष हाताचा नव्हता आणि चित्राचाही नव्हता.

१९६४ मध्ये 'ट्रेझर चेस्ट'ने 'पेटिग्रू फॉर प्रेसिडेंट' ही मालिका छापली. लेखक बेरी रीस, चित्रकार जो सिनॉट. टिम पेटिग्रू नावाचा एक सज्जन १९७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी झटतो. अंकामागून अंक मुले त्याचे विचार वाचतात आणि त्याच्यावर लोभ करू लागतात, पण त्याचा चेहरा त्यांना दिसत नाही. तो कधी पाठमोरा असतो, कधी सावलीत. अखेरच्या भागात चेहरा दिसतो. पेटिग्रू कृष्णवर्णीय आहे. त्याच वर्षी २ जुलैला अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा संमत झाला. प्रत्यक्षात कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडून यायला २००८ साल उजाडावे लागले.

शिरस्त्राण काढणारा तो अंतराळवीर आणि सावलीतून बाहेर येणारा पेटिग्रू ही एकाच सत्याची दोन चित्रे होत. आठ वर्षांपूर्वी सभ्यतेच्या पहारेकऱ्यांना जे सोसवले नाही, ते धर्मग्रामाच्या शाळेतील मुलांपुढे त्यांच्याच मासिकाने ठेवले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये समाजसंपर्क माध्यमांविषयीचा आदेश प्रसृत केला होता. ही साधने देवाची देणगी म्हणून स्वीकारावीत, त्यांचा विवेकाने उपयोग करण्यास तरुणांना शिकवावे आणि घरात काय शिरते यावर आईवडिलांनी लक्ष ठेवावे, अशी तिची शिकवण आहे. महान ग्रेगरींच्या पत्राचा सूर त्यात पुन्हा ऐकू येतो. 'ट्रेझर चेस्ट' १९७२ मध्ये बंद पडले.

रौप्य, कांस्य आणि पुढे

बाहेरच्या बाजारात १९५६ मध्ये फ्लॅश या नायकाच्या पुनरागमनाने रौप्ययुग सुरू झाले होते. पण वाचकांचे मन खऱ्या अर्थाने जिंकले ते १९६१ नंतर, स्टॅन ली, जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिट्को यांनी. त्यांचे नायक भांडत, चुकत, घरभाड्याची काळजी करीत. १९६२ मध्ये आलेला स्पायडरमॅन हा तर शाळकरी, पोरका मुलगा. अंगी आलेल्या शक्तीच्या तोऱ्यात तो एका चोराला पळून जाऊ देतो आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा प्राण घेतो. त्या मुलाचे पुढील सारे आयुष्य हे त्या न केलेल्या कृत्याचे प्रायश्चित्त आहे. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. तोच विवेकाचा धडा येथे दुकानातल्या पुस्तकाने दिला. सुवर्णयुगाच्या वाचकाला बळ हवे होते. आता वाचक पौगंडावस्थेत आला होता आणि आपल्यासारखाच चुकणारा सोबती त्याला हवा होता.

१९७० च्या आसपास कांस्ययुग सुरू झाले. वर्णद्वेष, दारिद्र्य आणि व्यसने हे विषय आले. १९७१ मध्ये शासनाच्या आरोग्य खात्याच्याच विनंतीवरून स्टॅन ली यांनी स्पायडरमॅनच्या कथेत अमली पदार्थांचे दुष्परिणाम दाखवले. संहितेने मोहोर नाकारली, कारण त्या विषयाचा उल्लेखच वर्ज्य होता! प्रकाशकांनी ते तीन अंक मोहोरेविना छापले आणि संहितेला आपले नियम सैल करावे लागले. त्या संहितेचा अंत २०११ मध्ये झाला.

१९८६ पासूनच्या आधुनिक युगात वाचक प्रौढ झाला. आर्ट स्पीगेलमन यांनी 'माउस' या ग्रंथात आउश्विट्झमधून वाचलेल्या आपल्या पित्याची कहाणी उंदीर-मांजरांच्या चित्रांतून सांगितली. १९९२ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. हिटलरला ठोसा मारण्याच्या स्वप्नापासून सुरू झालेली वाट अशा रीतीने त्या छळछावणीच्या स्मरणापर्यंत आली.

दरम्यान, ज्या मार्व्हल संस्थेने स्पायडरमॅन जगाला दिला, तिनेच १९८० मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसचे चरित्र कॉमिक्समधून काढले. त्याच्या लेखनात फ्रान्सिस्कन धर्मगुरू रॉय गॅस्निक यांचा सहभाग होता. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि १९८४ मध्ये कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांची चरित्रे आली. होळीच्या ज्वाळा विझून तेव्हा चार दशकेही झाली नव्हती.

आपल्या अंगणात

पेटिग्रूचा चेहरा अमेरिकेतील मुलांना दिसला त्याच १९६४ मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक मराठी बोलू लागले आणि १९९० पर्यंत त्या मालेने घराघरांत मुक्काम केला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्रकथा सुरू केली. आपल्या मुलांना ग्रीक पुराणे ठाऊक आहेत, पण रामायण ठाऊक नाही, हे त्यांना खटकले होते. त्यांनी परकी पुस्तके जाळा असे सांगितले नाही. मुलांना आवडणाऱ्या त्याच साधनात घरचे धान्य भरले. त्या मालेत प्रभू येशूचे चरित्रही आले आणि मदर तेरेसांचेही.

अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वेताळ वाचणारे आणि त्यासाठी कान पिळवून घेणारे आज आजी-आजोबा झाले आहेत. त्यांच्यापैकी कितीजण आज नातवाच्या हातातील मोबाइल हिसकावून घेताना त्याच आवेशात बोलतात! चिंता तेव्हाही खरी होती, आजही खरी आहे. मोबाइलच्या पडद्यावर येणारी चित्रे गेन्सच्या मुखपृष्ठाहून कितीतरी भयानक असू शकतात. सर्व काही चालू द्यावे, असा या इतिहासाचा निष्कर्ष नाही. ग्रेगरींनीही चित्रपूजेला मुभा दिली नव्हती.

निष्कर्ष आहे तो असा, की मूल चित्राकडे जाते ते कसली तरी भूक घेऊन. मंदीतल्या मुलाला बळ हवे होते, शाळकरी मुलाला सोबती हवा होता, अन्याय पाहिलेल्या मुलाला न्याय हवा होता. ज्यांनी केवळ चित्र पाहिले त्यांनी ते जाळले, आणि मूल दुसरे चित्र शोधू लागले. ज्यांनी भूक ओळखली त्यांनी खजिन्याची पेटी भरली, आणि एका पिढीला माणसाचा चेहरा वर्णाच्या पलीकडे पाहायला शिकवले.

येत्या प्रायश्चित्तकाळात क्रुसाची वाट करताना एखादे मूल आपला हात ओढून पुढच्या चित्राकडे बोट दाखवील आणि विचारील, "पुढे काय झालं?" आपण त्याच्याशेजारी वाकतो आणि सांगतो. घरी आल्यावर तेच मूल कोपऱ्यात पडदा उघडून बसेल, तेव्हाही त्याच्याशेजारी तसेच बसावे आणि या खेपेस प्रश्न आपण विचारावा.